बादलीतले उरलेले मासे

गळाने मासे धरणाऱ्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. दोन्ही हातांत मावणार नाही असा मासा, मागे तळं, आणि धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर मुलगी बोर्डात पहिली आल्यासारखा आनंद. त्या फोटोत एक गोष्ट मात्र कधीच नसते. तो मोठा मासा ज्याला भुलला तो लहान मासा. "आमिष काय होतं?" असं विचारलं तर "असाच बारका मासा होता, दुकानातून आणला," एवढं उत्तर मिळतं. माझं म्हणणं असं की त्या बारक्या माशाचं नाव सांगता आलं पाहिजे. ज्याला ते येत नाही त्याने जिवंत मासा गळाला लावू नये. आणि नाव येत असो वा नसो, दिवसअखेर बादलीत उरलेले मासे कुणीही पाण्यात सोडू नयेत. हे शेवटचं वाक्य पुष्कळांना खटकतं, माझ्या जवळच्या माणसांनाही खटकलं, म्हणून हे लिहायला बसले.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त मराठीच्या बाईंचा इथे काय संबंध? संबंध लेकीमुळे आला. ती मिनेसोटात, मिनियापोलिसच्या पश्चिमेच्या एका उपनगरात राहते. दहा हजार तळ्यांचं राज्य, गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा तसं लिहिलेलं असतं. जावई आणि अकरा वर्षांचा नातू, दोघांनाही गळाचं वेड. उन्हाळ्यात मी तिथे गेले की घडीची खुर्ची, थर्मासमधला चहा आणि मी, असं सगळं त्यांच्या सामानाबरोबर काठावर नेऊन ठेवलं जातं. काठावर बसून माणूस करणार काय? पाहणार, विचारणार. जन्मभर मुलांना "निरीक्षण करा" म्हणून सांगितलं, ते आता स्वतः करते आहे.

हे दोघे बॅस धरतात. (आपल्या 'बास झालं'मधला बास नव्हे, आणि वाद्यही नव्हे!) हिरवट अंगाचा, कुशीवर काळसर पट्टा असलेला लार्जमाउथ बॅस. त्याच्या जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं, हीच त्याची खूण. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ, त्याचा जबडा डोळ्याखालीच थांबतो. हा लार्जमाउथ पाणवनस्पतीच्या आडोशाला, बुडालेल्या ओंडक्याखाली दबा धरून बसतो. पाठलाग फारसा करत नाही. समोरून काही गेलं की तोंड उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. बेडूक, क्रेफिश, काहीही चालतं, पण मुख्य अन्न म्हणजे त्याच्याहून लहान मासे. म्हणून काहीजण रबराच्या, लाकडाच्या नकली माशांनी त्याला फसवतात आणि काहीजण जिवंत मासे वापरतात. आमच्याकडे जिवंत.

ते मिळतात आमिषाच्या दुकानात. काचेच्या मोठ्या टाक्यांतून पाणी खळखळत असतं, दुकानदार जाळी बुडवतो आणि पिशवीत ओततो. आपल्याकडे कोथिंबिरीची जुडी देतात तितक्या सहजपणे. जावई ती पिशवी बादलीत रिकामी करणार, तेवढ्यात पहिल्याच दिवशी मी त्यांना थांबवलं आणि लेकीकडून पांढरा प्लास्टिकचा ट्रे मागून घेतला. थोडं पाणी घालून मासे त्यात ओतले आणि नातवाला म्हटलं, "ये, तांदूळ निवडू." तांदूळ निवडणं म्हणजे काय ते आधी त्याला समजवावं लागलं, तो भाग वेगळा.

पांढऱ्या ट्रेत मासे असे स्पष्ट दिसतात की बादलीत त्याच्या निम्मेही दिसत नाहीत. बहुतेक होते फॅटहेड मिनो. दोन-अडीच इंचांचे, मळकट रंगाचे, डोकं वरून चपटं आणि नाक बोथट. पर गोलसर. नावाप्रमाणेच जाड्या डोक्याचे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला यातले नर ओळखणं तर फारच सोपं, कारण विणीच्या दिवसांत त्यांचं डोकं काळं पडतं आणि नाकावर मुरमांसारखे पांढरे दाणे उठतात. मानेवर स्पंजासारखी जाड गादी येते. मादी एखाद्या फळीच्या किंवा काटकीच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवून निघून जाते, आणि हे महाशय त्या गादीने ती अंडी घासून स्वच्छ ठेवतात, राखण करतात. नातवाला हे सांगितल्यावर त्याने काळ्या डोक्याचा प्रत्येक मासा वेगळा काढायला सुरुवात केली. "आजी, हा बाबा आहे, याला नको लावायला." मी काही बोलले नाही. ज्याची ओळख झाली त्याच्याबद्दल असं वाटणारच.

दुसरे होते गोल्डन शायनर. हे अंगाने उभट आणि दोन्ही बाजूंनी चेपलेले, तोंड लहान आणि वरच्या बाजूला वळलेलं. लहानपणी चांदीसारखे, मोठे झाले की पितळी झाक येते. त्यांची पक्की खूण म्हणजे अंगावरची रेघ. बहुतेक माशांच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीकडे बारीक ठिपक्यांची एक रेघ असते, तिच्यावाटे त्याला पाण्यातली हालचाल कळते. शायनरची ही रेघ सरळ जात नाही. ओल्या धुण्याने वाळतीची दोरी झोल खाते, तशी ती खाली झुकते. आणि पोटाच्या मागच्या भागाला नावेच्या तळासारखी धार असते, तिच्यावर खवले नसतात. ही धार का पाहायची? कारण युरोपातला रड नावाचा एक मासा अमेरिकेत याच आमिषाच्या व्यापारातून पसरला, तो शायनरसारखाच दिसतो, पण त्याच्या धारेवर खवले असतात. एवढ्याशा धारेवर खवले आहेत की नाहीत यावरून परका आणि घरचा ठरतो!

आणखीही खुणा आहेत. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असेल तर स्पॉटटेल शायनर. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला आणि ओठ जाड असतील तर सकर. पाठीवरचा पर लांबलचक आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतील तर तो कार्पचा बच्चा. त्याला आमिष म्हणून वापरणं बेकायदा आहे. तसाच लांब पर पण मिशा नसतील तर गोल्डफिश, तोही चालत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत शॅड नावाच्या माशावर बॅसचा फार जीव. तिथली पंचाईत निराळी. गिझर्ड शॅडचं पिल्लू आणि सिल्व्हर कार्पचं पिल्लू हे दोन्ही चंदेरी आणि बोटाएवढे. सिल्व्हर कार्पचे डोळे फार खाली, तोंडाच्याही खालच्या पातळीवर असतात आणि खवले अगदी बारीक. हे न पाहता कुणी नदीतून जाळीने आमिष धरलं आणि दुसऱ्या तळ्यात नेलं, की तो तळ्याचा शत्रू स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला. हा सिल्व्हर कार्प १९७० च्या दशकात शेवाळ खाण्यासाठी आर्कान्सामध्ये मुद्दाम आणला होता. तिथून तो सुटला आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरला. आपल्याकडे कटला, रोहू, मृगळाबरोबर याच माशाची शेततळ्यांत शेती करतात.

वापरायची पद्धतही माशावर ठरते, म्हणूनही ओळख लागते. फॅटहेड चिवट. उन्हात, कमी हवेच्या पाण्यातही तग धरतो. शायनर नाजूक, हाताळला की खवले सुटतात आणि बादलीतलं पाणी तापलं की उलटा तरंगतो. त्यामुळे शायनर मोजके घ्यावेत, बादलीत गर्दी करू नये, सावलीत ठेवावी. गळ ओवण्याच्या तीन जागा. दोरा सावकाश ओढत न्यायचा असेल तर दोन्ही ओठांतून, म्हणजे मासा सरळ पोहताना दिसतो. लाल-पांढऱ्या तरंगत्या गोळ्याखाली, ज्याला ते बॉबर म्हणतात, एका जागी ठेवायचा असेल तर पाठीवरच्या पराच्या जरा मागून, कण्याला धक्का न लावता वरच्यावर. आणि शेपटीजवळ ओवला तर तो गळापासून दूर, वनस्पतीच्या दाटीकडे पळू पाहतो, जिथे बॅस बसलेला असतो. बॉबर बुडाला की फार वाट पाहत बसू नये. नवशिके "नीट गिळू दे" म्हणून थांबतात आणि गळ माशाच्या पोटात जातो. मग तो मासा परत सोडला तरी जगेलच असं नाही. तिथले बरेच लोक बॅस धरून, फोटो काढून सोडून देतात, त्यामुळे हा मुद्दा महत्त्वाचा. आत खोल गेलेला गळ ओढून काढण्यापेक्षा दोरा तोंडाजवळ कापावा, असं जावई सांगतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आवराआवर करताना बादलीत चौदा मासे उरले होते. ते नातवाने निवडलेले होते, त्यातल्या 'बाबां'सकट. समोर तळं. त्याने बादली उचलली आणि जावयांनी त्याचा हात धरला. तिथला नियम स्पष्ट आहे. उरलेलं जिवंत आमिष पाण्यात सोडायचं नाही, कचऱ्यात टाकायचं. बादलीतलं तळ्याचं पाणी तळं सोडण्यापूर्वी जमिनीवर ओतायचं. मासे ठेवायचेच असतील तर त्यांना घरून आणलेल्या पाण्यात घालायचं. आमच्याकडे तेवढं पाणी नव्हतं. पाणी गवतावर ओतलं, मासे बर्फाच्या पिशवीत गेले आणि तिथून वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. नातू घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही.

हे मी सांगलीच्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं. आम्ही दोघींनी एकाच शाळेत वर्षानुवर्षं शिकवलंय. बाई शुद्ध शाकाहारी, मुंग्यांना साखर घालणारी. ती म्हणाली, "अगं, चौदा जीव! तळं समोर होतं की. सोडले असते तर काय बिघडलं असतं? आणि तू नुसती बघत बसलीस?"

तिचा प्रश्न खोटा नाही. त्याला "नियम आहे" एवढं उत्तर पुरत नाही. शाळेतही "का?" या प्रश्नाला "पुस्तकात आहे म्हणून" असं उत्तर देणाऱ्या शिक्षकांची मला चीड यायची. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

पहिलं, त्या चौदांत एक स्टिकलबॅक होता. पाठीवर पाच सुटे काटे असलेला, दोन इंचांचा. तो आम्ही विकत मागितला नव्हता. फॅटहेडच्या टाकीत तो चुकूनमाकून येतोच. मिनेसोटाला तो परका नाही, पण पश्चिमेकडच्या ज्या राज्यांत तो कधी नव्हता तिथे याच आमिषाच्या बादल्यांतून पोचला आहे. म्हणजे आम्ही ट्रेत ओतून पाहिलं म्हणून कळलं. न पाहता सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हेच ठाऊक नसतं.

दुसरं, मासा ओळखीचा निघाला तरी त्याच्याबरोबरचं पाणी ओळखीचं नसतं. २००५ पासून ग्रेट लेक्समध्ये व्हीएचएस नावाचा विषाणूजन्य रोग सापडू लागला. माणसाला तो काही करत नाही, पण माशांना अंतर्गत रक्तस्राव होतो आणि त्या एक-दोन वर्षांत मासे मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर आमिष इकडून तिकडे नेण्यावरचे नियम कडक झाले. विषाणू ट्रेत दिसत नाही. तसंच झेब्रा शिंपल्याचं. नखाएवढा, पट्टेरी. १९८० च्या दशकाच्या शेवटी युरोपकडून जहाजांच्या तळपाण्यातून ग्रेट लेक्समध्ये आला आणि २०१० मध्ये आमच्या जवळच्या लेक मिनेटोंकामध्ये सापडला. त्याची पिल्लं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. एका बादलीभर पाण्यात किती असतील, मोजणार कोण?

तिसरं गोल्डफिशचं. २०२१ च्या जुलैत मिनेसोटातल्याच बर्न्सव्हिल गावच्या प्रशासनाने केलर लेकमधून काढलेल्या गोल्डफिशचे फोटो प्रसिद्ध केले होते. पाव लिटरच्या काचेच्या भांड्यात फिरणारा मासा तळ्यात जाऊन फुटबॉलएवढा झालेला. ते कुणी दुष्टपणाने सोडले नव्हते. मुलांचा उत्साह संपला, टाकून देववेना, म्हणून दयेने सोडलेले. आता ते तळ ढवळतात, पाणी गढूळ करतात.

गांडुळांचं ऐकून तर मैत्रीण गप्पच झाली. आम्ही दोघींनी "गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र" हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! सांगलीत ते खरंच आहे. मिनेसोटात मात्र मूळचं गांडूळ एकही नाही. हिमयुगात तो भाग बर्फाखाली होता, त्यानंतर तिथली जंगलं गांडुळांशिवाय वाढली. आजची सगळी गांडुळं युरोप-आशियातून माणसांबरोबर आलेली. गळाला लावून उरलेली गांडुळं लोक काठावरच्या झाडीत टाकतात, ती पानांचा थर खाऊन टाकतात आणि त्या थरात रुजणारी रानफुलं, नेचे, झाडांची रोपं कमी होतात. एकच जीव एका गावात मित्र आणि दुसऱ्या गावात उपद्रवी.

सगळ्यात बोलकी हकिगत जपानची. जगातला सर्वांत वजनदार लार्जमाउथ बॅस १९३२ साली अमेरिकेत जॉर्जियामध्ये जॉर्ज पेरी यांनी धरला होता, २२ पौंड ४ औंसांचा. ७७ वर्षं त्याची बरोबरी कुणी केली नाही. ती केली २ जुलै २००९ रोजी मानाबु कुरिता यांनी, जपानच्या बिवा सरोवरात. आमिष होतं जिवंत ब्लूगिल. आता गंमत पाहा, बॅस जपानचा नव्हे, तो १९२५ साली अमेरिकेतून आणलेला. ब्लूगिलही जपानचा नव्हे. १९६० मध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले असता शिकागोच्या महापौरांनी त्यांना भेट म्हणून दिलेले ते मासे. खाण्यासाठी वाढवता येतील या चांगल्या हेतूने युवराजांनी ते मत्स्यसंशोधकांना दिले. पुढे ते बिवात पोचले आणि तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर आले. ज्या निगोरोबुना माशापासून तिथलं पारंपरिक फुनाझुशी बनतं, तोही घटला. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. सम्राट असताना २००७ मध्ये त्याच प्रांतात जाऊन त्यांनी या गोष्टीबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. शिगा प्रांतात २००३ पासून बिवात धरलेला बॅस किंवा ब्लूगिल परत पाण्यात सोडायला बंदी आहे. एका विक्रमाच्या फोटोमागे एवढं सगळं असतं, आणि फोटोत दिसतो फक्त मोठा मासा.

"तिकडचं तिकडे," असं म्हणून सोडून देता येत नाही. आपण तरी काय केलं? अमेरिकेतलाच गॅम्बुशिया १९२८ मध्ये भारतात आणला, डासांच्या अळ्या खाईल म्हणून. गप्पी वेगळा, गॅम्बुशिया वेगळा. गप्पीचा नर रंगीत, गॅम्बुशिया मळकट, आणि तो अळ्यांबरोबर दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लंही खातो. पण आपल्याकडे दोघांनाही "गप्पी" म्हणून मोकळे होतात. बंद हौदात सोडला तर ठीक, पण ओढ्यात, विहिरीत, नदीत? चिलापी १९५२ साली भारतात आली. आज उजनीच्या मच्छीमारांचं पोट तिच्यावर आहे हे मला मान्य आहे आणि ते सहज बोलण्यासारखं नाही, पण तिने मागे सारलेल्या माशांची नावंही आता फारशी कुणाला आठवत नाहीत. हल्ली त्याच उजनीत सकर मासा जाळ्यात येतो (वर सांगितलेला अमेरिकन सकर नव्हे, हा दक्षिण अमेरिकेतला), काटेरी अंगाचा, खायला निरुपयोगी आणि जाळी फाडणारा. तो काच साफ करतो म्हणून शोभेच्या टाकीत ठेवतात. तिथून तो धरणापर्यंत चालत नाही गेला.

तरीही चौदा मासे मेले, हे खरंच आहे. त्याचं मला बरं वाटलं असं नाही. माझ्या मते चूक सोडण्या-न सोडण्याच्या बरीच आधी, दुकानात होते. दोन तासांसाठी चार डझन मासे कशाला लागतात? आता आमच्याकडे एका वेळी एक डझन, असं ठरलं आहे. ते आधी ट्रेत ओतायचे, निवडायचे, परका दिसला तर बाजूला काढायचा, आणि घरचं पाणी गाडीत ठेवायचं. डझन संपले की रबराचे मासे लावायचे किंवा घरी जायचं. नातवाची याला हरकत नाही. जावयांची थोडी आहे.

इकडे परतल्यावर मी आणखी एक उद्योग सुरू केला. लहानपणी कृष्णेच्या घाटावर पायाला लुचणाऱ्या सगळ्या बारक्या माशांना आम्ही "चिंगळ्या" म्हणायचो, विषय संपला. मरळ, वाम, शिंगाळा ही मोठ्यांची नावं पाठ, बारक्यांना मिळून एक. आता घाटावर जाळं टाकणाऱ्या एका काकांकडे तोच पांढरा ट्रे घेऊन जाते. ते नाव सांगतात, मी वहीत लिहून घेते, खूण लिहिते आणि जमेल तसं चित्र काढते. आजवर नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या दोन नावांवर काकांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं एकमत नाही. पुढच्या शनिवारी दोघांनाही एकत्र बसवणार आहे.